खान्देशात कुठं उभं राहिलं की वाटतं, हे देवाचंच काम?

तापीकाठची

आपल्या खान्देशाबद्दल बाहेरच्या कुणाला विचारा, ऊन, केळी, भरीत न् शेवभाजी, याच्यापुढं गाडी जात नाही. आणि आपणही त्यांना दुसरं काही सांगत नाही. महाबळेश्वरला जाऊन फोटो टाकतो, काश्मीरचे प्लॅन करतो, आणि सातपुडा दारात उभा आहे त्याच्याकडं पाठ करून बसतो. म्हणून हा धागा काढतेय. टूरची यादी नकोय मला, ती कुठंही मिळते. मला एवढंच विचारायचंय की जळगाव-धुळे-नंदुरबारात अशी कुठली जागा आहे जिथं उभं राहिल्यावर तुमच्या तोंडून आपोआप 'देवा रे' निघालं आणि पुढं बोलायला काही सुचलंच नाही.

सुरुवात मी करते. चांगदेवचा संगम. मुलताईहून निघालेली तापी आणि तिकडून आलेली पूर्णा इथं भेटतात. खाली हतनूरचं धरण असल्यामुळं पाणी भरपूर पसरलेलं असतं, हिवाळ्यात बाहेरचे पक्षी उतरतात. पण मला जे धरून ठेवतं ते वेगळंच. गोदावरी, भीमा, कृष्णा सगळ्या पूर्वेला निघाल्यात आणि ही आमची सूर्यकन्या एकटी उलटी वाट धरून मावळतीकडं ७२४ किलोमीटर चालत जाते, सुरतेजवळ समुद्राला मिळते. सातपुड्याच्या पलीकडून नर्मदा पण तशीच. संध्याकाळी काठावर बसलं की सूर्य जिकडं बुडतोय तिकडंच पाणी चाललेलं दिसतं. लेक बापामागं निघालीय असं वाटतं आणि दर वेळी माझे हात जोडले जातात. कुणी शिकवलेलं नाही हे.

तुमचं सांगा.

शहादेकर

ताई छान विषय काढला. माझं उत्तर ठरलेलं, तोरणमाळची सीताखाई. पण ती श्रावणात बघायची, उन्हाळ्यात नाही. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत निघायचं, खाली उकाडा असतो, अंगाला शर्ट चिकटलेला, आणि सातपायरी घाट चढायला लागलं की एकेका वळणाला हवा बदलत जाते, वर साडेअकराशे मीटरच्या आसपास पोचलो की टू-व्हीलरवर दात वाजायला लागतात. सीताखाईच्या कठड्याशी गेलो तेव्हा समोर नुसतं पांढरं होतं. काहीच नाही. कुणीतरी म्हणालं चला इथं काय बघायचं, निम्मे लोक मक्याचं कणीस खायला परत फिरले पण. आम्ही थांबलो. मग ढग मधोमध फाटला. आधी पलीकडच्या कड्याची वरची काळी कड दिसली, मग तिच्यावरून पडणारं पाणी, मग पाणी कुठं पडतंय ते शोधायला नजर खाली खाली जात राहिली आणि तळ काही लागेना. हिरवा रंग किती प्रकारचा असतो ते त्या दिवशी कळलं. कड्याच्या भेगेत एक झाड आडवं उगवलेलं होतं, त्याच्या मुळ्या उघड्या, निम्मं अंग हवेत, आणि त्याला पण नवी पालवी. त्याला कोण पाणी घालतं तिथं? मिनिटभरात परत सगळं बंद. जे कणीस खायला गेले त्यांना आम्ही काय सांगणार.

यशवंत तलाव, गोरखनाथाचं देऊळ, मच्छिंद्रनाथाची गुहा हे सगळं आहेच, महाशिवरात्रीला यात्रा भरते. पण नाथांनी हीच जागा का धरली हे मला सीताखाईशीच उमगलं.

धुळ्याना_भाऊ

ताई, तुन्ही पोस्ट वाचीसन मन भरी उनं. आम्हना लळिंगना धबधबा बी लिखा ना. पानी पडना का तठेन पाय निंघत नही.

काळा_फत्तर

धुळेकर भाऊंनी लळिंग म्हटलं म्हणून लिहितो. मी भूगर्भशास्त्र शिकलोय, तेव्हा माझा 'देवा रे' जरा वेगळ्या ठिकाणी निघतो आणि तिथं कुणी गाडी थांबवत नाही.

साक्री, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात एसटीनं जाताना खिडकीतून बघा, सपाट रानात मधेच लांबच्या लांब अरुंद टेकाडाची रांग दिसते, सरळ रेषेत, कुणी मुद्दाम भिंत घातल्यासारखी. शेतं अलीकडं, शेतं पलीकडं, मधे ही भिंत. माणसानं नाही घातली ती. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास या भागातून लाव्हा बाहेर आला, एकावर एक थर पसरत गेले, तोच आपला दख्खनचा काळा पाषाण. जमिनीला ज्या भेगा पडल्या त्यांच्यात जो रस भरून थिजला त्या या भिंती, आमच्यात डाइक म्हणतात. नंतर आजूबाजूचा मऊ दगड पावसापाण्यानं झिजून गेला आणि भिंत तेवढी उरली. आपल्याकडं अशा शेकडो आहेत. बहुतेक तापी-नर्मदेला समांतर, पूर्व-पश्चिम. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडं जाणारी एक तर ७० किलोमीटरच्या वर लांब आहे. जवळ जाऊन बघितलं तर दगडाचे खांब उभे नसतात, आडवे असतात, सरपणाची मोळी रचून ठेवावी तसे, कारण थंड होताना तडे बाजूच्या भिंतींपासून आत गेलेत. त्या आडव्या खांबांवर हात ठेवला की कळतं कुठल्या बाजूनं थंडी आत शिरली. ६.६ कोटी वर्षांपूर्वीची थंडी!

आणि घाटात रस्ता कापलेला असतो तिथं काळ्या थरांच्या मधे विटकरी लाल पट्टा दिसतो ना, तो दोन उद्रेकांच्या मधला काळ. लाव्हा थांबला, वर माती तयार झाली, मग परत लाव्हा आला न् ती माती भाजून निघाली. हातभर जाडीचा पट्टा, पण तो तयार व्हायला जो वेळ लागला त्यात आपली सगळी बखर बसेल. मी शिकताना हे पाठ केलं होतं. पहिल्यांदा प्रत्यक्ष बोट ठेवलं तेव्हा मात्र डोळ्यात पाणी आलं, सोबतच्या पोरांना कळेना काय झालं.

सरळ_प्रश्न

सगळ्यांचं वर्णन आवडलं, विशेषतः काळा_फत्तर यांचं. पण एक विचारतो, राग मानू नका. लाव्हा आला, थंड झाला, झिजला, हे सगळं तुम्हीच सांगितलंत. मग यात देव कुठं आला? डोंगर डोंगर म्हणून सुंदर नाही का? आपण लगेच हात जोडतो, तिथं शेंदूर लावतो, मग देऊळ होतं, मग पायऱ्या, मग दुकानं, आणि ज्या झऱ्यासाठी गेलो तो झरा पाइपात जातो. मला भीती वाटते ती याची. मी स्वतः पाटणादेवीच्या जंगलात दर पावसाळ्यात जातो, केदारकुंडाचा धबधबा तासन् तास बघत बसतो, माझं कुठं काही अडत नाही.

काळा_फत्तर

राग कशाला. झरा पाइपात जातो हे बरोबर आहे आणि ते वाईटच आहे, त्याबाबत मी तुमच्या बाजूनं. पण पहिल्या प्रश्नाचं माझं सांगतो. आईनं पुरणपोळी कशी केली हे मला घटकेघटकेनं माहीत असलं तरी ती आईनं केली हे खोटं होत नाही. मी 'कसं' शिकलोय. तो 'कसं' जितका खोल जातो तितका माझा माथा खाली जातो. माझ्यासोबत शिकलेल्यांपैकी काहींना असं होत नाही, तेही तितक्याच जिवानं दगड बघतात, त्यांच्याशी माझं कधी भांडण झालेलं नाही.

केळीबाग_सावदा

मी जास्त लिहीत नाही इथं पण या धाग्यावर लिहावंच लागेल.

आमच्या सावद्याच्या बाजूला खडीच्या खाणी आहेत. लोकांना सावदा म्हणजे केळी माहीत, पण जगभरचे दगड जमवणारे लोक सावद्याला गारगोट्यांसाठी ओळखतात. लाव्हा थिजताना त्यात वाफेचे, हवेचे बुडबुडे अडकतात, नंतर गरम पाणी लाखो वर्षं त्यातनं झिरपत राहतं आणि पोकळीत आतून स्फटिक वाढतात. स्टिल्बाइट, अपोफिलाइट असली नावं आहेत, काळा_फत्तर भाऊ जास्त सांगतील.

मी लहान असताना काकांबरोबर खाणीवर गेलो होतो. सगळं काळं न् धुळीनं राखाडी झालेलं, घणाचा आवाज, कान किटलेले. एका माणसानं भला मोठा धोंडा फोडला आणि तो दोन भागांत उघडला. आत तळहाताएवढी पोकळी. पोकळीच्या भिंतीला खालून वरपर्यंत पिचच्या फळासारख्या फिक्या केशरी रंगाच्या पाकळ्या, एकीवर एक, आणि त्या पाकळ्यांच्या मधे दोन-तीन खडे इतके स्वच्छ की पाणी साचलंय वाटावं. मी बोट लावलं तर कोरडं, थंड, कडा धारदार. ऊन पडलं तसं ते चमकलं. काका म्हणाले, बघ, याच्यावर आज पहिल्यांदा उजेड पडला.

मी अजून त्या वाक्यातून बाहेर आलेलो नाही. सीताखाई, धबधबे, संगम, हे सगळं आपण बघतो म्हणून म्हणता येतं की देवानं आपल्यासाठी केलं. पण हे? कोट्यवधी वर्षं बंद धोंड्याच्या पोटात, मिट्ट काळोखात, कुणी बघणार नाही, कुणी बघायची शक्यता पण नाही, तरी एकेक पाकळी मापात, कोन चुकलेला नाही. अजून सातपुड्यात असे किती धोंडे असतील जे कधीच फुटणार नाहीत. कुणाच्या कौतुकासाठी केलं हे? सरळ_प्रश्न दादा, तुमचा मुद्दा मला कळतो, रसायन आहे म्हणाल, आहेच. पण मला त्यात एक असा कारागीर दिसतो जो कुणी बघत नसतानाही काम अर्धवट सोडत नाही. माझी श्रद्धा देवळातून कमी आणि त्या धोंड्यातून जास्त आलीय.

तापीकाठची

केळीबाग दादा, मी हे वाचून फोन बाजूला ठेवला आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या पोराला म्हणावं अजून लिही.

सरळ_प्रश्न

"कुणी बघत नसताना." हे मला विचार करायला लावणार आहे. मी माझ्या बाजूनं असं म्हणेन की ते आपल्यासाठी नाही हे एकदा पटलं तरी आपला हावरेपणा कमी व्हायला हवा. एवढ्यापुरतं आपलं जमतं.

मु_पो_धडगाव

तुम्ही सगळे 'देवानं केलं' म्हणता. आमच्याकडं बोलायची रीतच वेगळी. आमचे लोक डोंगर देवानं केला असं नाही म्हणत, डोंगर हाच देव म्हणतात. वाघदेव आहे, डोंगऱ्यादेव आहे. डोंगऱ्यादेवाचं व्रत साक्री-नवापूरकडं मार्गशीर्षात करतात, गावची माणसं उपास धरून, नाचत डोंगराकडं जातात. म्हाताऱ्या माणसांना विचारलं की हा कडा सुंदर आहे का, तर ते हसतात. घरच्या माणसाला सुंदर आहेस का कुणी विचारतं का.

फाल्गुनात या एकदा. तेव्हा तोरणमाळला कुणी फिरकत नाही, धबधबे आटलेले असतात. पण पळस पेटलेला असतो. पान एक नाही आणि सगळा डोंगर लाल-केशरी. खाली मोहाची फुलं पडायला लागतात, पहाटे पोरं टोपल्या घेऊन वेचायला निघतात, वास गावभर. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतो, पहाटे होळी पेटते तेव्हा डोंगर आणि होळी एका रंगाची दिसते. श्रावण सगळ्यांना दिसतो, आमचा देव आम्हाला उन्हाळ्यात जास्त दिसतो, कारण दगड तापलेला असताना पळसाला फुलायचं कोण सांगतं.

आणि एक राहिलं. नर्मदेच्या काठची आमची बाजू तुम्ही कुणी लिहिली नाही. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात गावं गेली, मणिबेलीचं जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं. आज तिथं बोटीतून जाणारे म्हणतात काय सुंदर तलाव आहे, चारी बाजूला डोंगर. दिसतं सुंदर, नाही म्हणत नाही. पण त्या पाण्याखाली कुणाची तरी कुलदेवता आहे, शेताचा बांध आहे, हे माहीत असू द्या एवढंच.

पुण्यातला_खान्देशी

धडगावकर दादा, नमस्कार घ्या. पुढच्या फाल्गुनात नक्की.

वारकरी_आबा

मुलांनो, मी सगळं वाचतोय, टाइप करायला वेळ लागतो म्हणून उशीर. तापीकाठची बाईंनी चांगदेव लिहिलं, जवळच मेहूण आणि कोथळी आहे ते पण सांगायला हवं. मुक्ताई इथंच गेली. १२९७ साल. वैशाख महिना, तापीच्या काठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. ज्ञानोबांची समाधी आळंदीला, सोपानदेवांची सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला. मुक्ताईला मात्र आभाळानं नेलं.

आपल्याकडचा वैशाखातला वळीव ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दिवसभर भट्टी. झाडाचं पान हलत नाही. चारच्या पुढं सातपुड्याच्या बाजूनं आभाळ निळं-काळं होत येतं, मधे पिवळट उजेड, धुळीचा लोट आधी येतो मग वारा, केळीची पानं फाटतात त्याचा फडफड आवाज, आणि मग वीज अशी उभी खाली येते की तापीच्या पाण्यात दुसरी वीज दिसते. शेतकऱ्याचं नुकसान होतं, केळी आडवी होते, मी स्वतः सोसलंय. तरी सांगतो, त्या वेळी ओसरीत बसून मी मुक्ताईचं नाव घेतो ते नुसतं भीतीनं नाही. एवढं मोठं काही बघायला मिळालं म्हणून घेतो. देव नुसता फुलापाखरात बघायचा आणि वादळात बघायचा नाही, हे मला पटत नाही.

तापीकाठची

आबा 🙏 आषाढीच्या पालखीला मुक्ताईनगरला येणारच आहे, भेट होईल.

पायी_अस्तंबा

अस्तंब्याचं अजून कुणीच लिहिलं नाही म्हणजे कमाल. धनत्रयोदशीला आम्ही पोरं पोरं निघतो, तळोद्याहून कोठारमार्गे. हजारो लोक, रात्रभर चाल. अश्वत्थाम्याचं शिखर, चार हजार फुटांच्या वर. कपाळावरची जखम घेऊन तो अजून या डोंगरात फिरतो आणि तेल मागतो, ही गोष्ट आपल्याकडं प्रत्येकाला आजीनं सांगितलेली असते. रात्री चढताना मागं वळून बघितलं की बॅटऱ्यांची ओळ डोंगराला वेढा घालून वर येताना दिसते, आणि वर बघितलं तर अमावस्येच्या तोंडचं आभाळ, चंद्राचा पत्ता नाही, चांदण्या इतक्या की ओळखीची नक्षत्रं सापडत नाहीत. मधे कुणीतरी जयघोष करतं, तो खाली दरीत जाऊन दुसऱ्याच आवाजात परत येतो. पहाटे शिखरावर वारा असा की उभं राहता येत नाही, बसून दर्शन घ्यायचं. उजाडलं की सातपुड्याच्या रांगामागं रांगा, पहिली काळी, दुसरी निळी, तिसरी राखाडी, शेवटची आहे का नाही तेच कळत नाही.

आता जे मला डाचतं ते लिहितो. येताना तीच वाट दिवसा दिसते. पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या. भीमकुंडाच्या बाजूला पण. देवाची जागा म्हणून अनवाणी चढणारा माणूस देवाच्याच अंगावर पाकीट टाकून जातो याचा मला मेळ लागत नाही. सरळ_प्रश्न भाऊंना जी भीती वाटते ती खरी आहे, पण उपाय हात जोडायचं सोडण्यात नाही. उलट जोडलेत तर पुरते जोडा. आमच्या ग्रुपनं ठरवलंय, जाताना रिकामी गोणी न्यायची, येताना भरून आणायची. गेल्या दिवाळीला आमचं बघून मागच्या टोळीतली दोन पोरं पण वेचायला लागली, नावं पण विचारली नाहीत एकमेकांची.

सरळ_प्रश्न

पायी_अस्तंबा, यंदा मला घेऊन चला. दर्शनाचं माझं मी बघेन, गोणी उचलेन.

पायी_अस्तंबा

चला की भो. वर पोचल्यावर बघू कोण काय जोडतं ते 🙂

चोपड्याची_माहेरवाशीण

अडावदजवळचं उनपदेव राहतंय बघा. सातपुड्याच्या पायथ्याला, गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. माहेरी गेलं की आई पहाटे घेऊन जायची, हिवाळ्यात वाफ निघत असते. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून हे पाणी काढलं असं तिथं सांगतात. काळा_फत्तर दादा, याचं शास्त्र काय आहे? मुलगी विचारते आणि मला नुसती रामाची गोष्ट सांगता येते.

काळा_फत्तर

ताई, दोन्ही सांगा तिला. सातपुड्याच्या पायथ्यानं जमिनीत खोल भेगा आहेत, त्याच कारणानं तापीचं खोरं खचलेलं आणि डोंगर एकदम उभा दिसतो. पावसाचं पाणी त्या भेगांतून खूप खोल जातं, खाली जमीन गरम असते तिथं तापतं, आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. इथं जवळ ज्वालामुखी जिवंत आहे असं मात्र सांगू नका, तसं नाहीये. तिला गोमुखाखाली हात धरायला लावा आणि सांगा की हे पाणी पाऊस होऊन पडलं तेव्हा आपण कुणीच नव्हतो कदाचित. मग रामाची गोष्ट सांगा. शहाद्याच्या बाजूला पण उनपदेव आहे, दरा गावाजवळ, तिथंही गरम झरा आहे. नकाशावर दोन्ही ठिकाणं जोडून बघायला सांगा, रेष सातपुड्याच्या पायथ्यानंच जाते हे तिचं तिलाच दिसेल.

चोपड्याची_माहेरवाशीण

आत्ताच नकाशा उघडून बसलीय. "आई, मधे अजून कुठं झरे आहेत का" विचारतेय.

केळीबाग_सावदा

अडावदजवळच सुनपदेव, नाझरदेव पण आहेत ताई, तिला शोधू द्या. आणि सावद्याला आलात तर घरी या, काकांनी जपून ठेवलेला तो दगड अजून आमच्या देवघरात आहे, तिला हातात देईन.